न आणि ण

आमच्या कारखान्यात मांजर लागतंच.
भोपळे मंगळवेढ्याकडून येतात, माळ्यावर वाळत पडतात,
आणि उंदराला तंबोरा काय, तरकारी काय,
एका रात्रीत तळहाताएवढं भोक.
म्हणून बापाच्या काळापासून इथे एक मनी असते.
ही कितवी, मोजलेलं नाही.
एक गेली की दुसरी, नाव तेच.

मग तहेसीनने पाल आणली.
पाल म्हणायचं नाही, गेको म्हणायचं.
कोल्हापूरच्या मित्राकडून, कागदपत्रांसकट.
पिवळी, काळ्या ठिपक्यांची, जाड शेपटीची,
आणि डोळ्यांना पापण्या.
भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात
हे मला एक्कावन्नाव्या वर्षी कळलं.
अंगावर दाणे दाणे, म्हणून नाव ठेवलं मणी.
मी म्हटलं, पोरी, घरात मनी आहे.
ती म्हणाली, अब्बा, हा ण आहे,
जीभ टाळूला लावा.

मिरजेत जीभ टाळूला कोण लावतं?
भूपालमामा लाखेचा हात देता देता ओरडायचे,
मनीचं पानी बदललं का रं?
आणि पाणी मांजराचं बदललं जायचं.
पाल कुणाच्याच हाकेला येत नाही.
मांजर दोन्ही हाकांना येतं.

येऊन बसायचं काचपेटीवरच्या जाळीवर.
खाली तापता दिवा, वर ऊब;
डिसेंबरात मीही बसलो असतो.
तहेसीन उतरवायची,
ती शेपटी खुंटीसारखी ताठ करून खोलीभर फिरायची,
पुन्हा वर.
जाळीला मधोमध पोक आला.
मी म्हटलं, काच आहे ना मधे.
हे मी म्हटलं होतं. दुसऱ्या कुणी नाही.

भोगीचा दिवस. मामांच्या घरून तीळ लावलेल्या भाकऱ्या आलेल्या.
लाईट गेली, दिवा विझला, आम्ही अंधारात जेवलो.
लाईट आली तेव्हा
मनी पेटीसमोर, चारी पाय पोटाखाली घेऊन,
पंजासुद्धा उचललेला नाही.
मणी आत, कोपऱ्यात.
आणि शेपटी तिसरीकडेच,
फरशीच्या तुकड्यावर एकटी उड्या मारत.

कुणी शिवलं नव्हतं.
नुसतं बघणं. किती वेळ, अल्ला जाणे.

तार बोटानेच तुटते असं नाही.
चढवून ठेवली रात्रभर, तरी तुटते.
चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो,
वाजवून झालं की उतरवून ठेवा.

तहेसीन रडली नाही. कामाला लावलं मला.
माडीवरच्या खोलीतल्या मोडक्या दांड्या काढल्या,
पेटी तिथे नेली, तीन बाजूंनी जाड कापड.
झाकणाला तुणीच्या लाकडाची चौकट केली,
दोन खुंट्या, पिळल्याशिवाय न सुटणाऱ्या,
तंबोऱ्याच्या घासतो तितक्याच घासल्या.
भूपालमामा हसले, पालीच्या घराला जवारी काढताय का?
दाराला आतून कडी, बाहेरून कडी.
दाराखाली फट होती, एक पंजा जाईल एवढी.
तिथे गवसणीतला कापूस.
मनीला खाली शेगडीशेजारी गोणपाट,
ऊब हवी होती ना, घे.

तिच्यावर राग धरला नाही.
माळ्यावर ती जे करते
त्याचंच तर दूध देतो मी.

शेपटी परत आली.
गुळगुळीत, मुळ्यासारखी, एक ठिपका नाही.
सांधलेल्या भोपळ्याचं असंच असतं.
गिऱ्हाइकाला कळत नाही.
मला कळतं.

आता रात्री वर जातो तेव्हा
मनी शेवटच्या पायरीवर असते.
मी कडी लावतो, ओढून बघतो,
दोन पायऱ्या उतरतो, परत येऊन ओढून बघतो.
मग कुणी ऐकत नाही असं बघून
जीभ टाळूला लावून म्हणतो,
ण.
मणी.

मांजराचा एक कान हलतो.